सतराव्या दिवसाची अंडी

इंदू, ये, अशी जवळ बस. रागवायचंय तुझ्यावर, आणि लांबून ओरडायला माझा घसा आता चालत नाही. असं मधेच उठून जातं का कुणी? पेटीतल्या अंड्यांचा सतरावा दिवस, चार दिवस राहिलेले, आणि तू चहाचा कप खाली ठेवलास, खुर्चीला टेकलीस आणि गेलीस. मनमाडच्या शाळेत सगळी नोकरी घंटेबरहुकूम केलेली बाई तू. तास संपायच्या आत दप्तर आवरणाऱ्या पोरींना काय बोलायचीस, ते मला माहीत आहे. तेच सगळं आज तुला ऐकवावंसं वाटतंय.

उद्या तुझा दहावा. पुढच्या खोलीत माणसं आहेत, म्हणून मी मागे तुझ्या खोलीत येऊन बसलेय. तुझ्याच वहीच्या कोऱ्या पानांवर लिहितेय. अक्षर बघू नकोस. शाळा माझी चौथीत सुटली, बाकीचं तुझी जुनी पुस्तकं चाळून आलेलं, हे तुला ठाऊक आहे.

भेटायला येणाऱ्या बायका विचारतात, तुम्ही त्यांच्या कोण. भावजय म्हटलं की मान हलवतात आणि अमोलकडे जातात. बरोबरच आहे, पोटचा मुलगा तो. पण मी वणीहून सोळाव्या वर्षी या घरात आले तेव्हा तू नऊ वर्षांची होतीस, आई नसलेली, केसांत उवा झालेली. तुझी पहिली वेणी मी घातली तेव्हा तू माझ्या हाताला चावली होतीस. भावजय म्हणजे काय, हे त्या बायकांना कुठून सांगत बसू.

नोकरी संपून काही वर्षं झालेली, तुझे यजमान आधीच गेलेले, अमोल बंगळूरला. तू मनमाडचं घर सोडून इथे निफाडला भावाच्या घरी आलीस आणि आल्या आल्या माझ्या कोंबड्यांच्या मागे लागलीस. माझ्या कोंबड्या वणीच्या, माहेरच्या. लग्नात आईने दुरडीतून दोन पाठवल्या होत्या, त्यांचीच पोरं, नातवंडं, पतवंडं मी आजवर सांभाळली. मी खुडूक कोंबडी बघायची, तिच्याखाली अंडी ठेवायची आणि एकविसाव्या दिवशी पिल्लं मोजायची. मधल्या दिवसांत आत काय चालतं, हे मी कधी विचारलं नव्हतं. भाकरी तव्यावर टाकल्यावर आत काय चालतं, विचारतं का कुणी?

तू विचारलंस. थर्माकोलचा खोका आणलास, त्याला आतून बल्ब लावलास, जुन्या कॉम्प्युटरचा पंखा बसवलास, एका वाटीत पाणी ठेवलंस आणि झाकणातून थर्मामीटर खोचलास. मी म्हटलं, "हे काय नवीन खूळ?" तू म्हणालीस, "वहिनी, तुमची एकही कोंबडी सध्या खुडूक नाही, म्हणून मी बसलेय. गल्लीत सांगा, रिटायर झालेली बाई खुडूक झाली." शेजारच्या भामाबाईने ते खरंच गल्लीभर सांगितलं.

पाचव्या दिवशी तू मला कोठीच्या अंधारात नेलंस आणि अंड्यामागे बॅटरी धरलीस. लाल धाग्यांचं जाळं, मधे एक ठिपका, आणि तो ठिपका उडत होता. "हे हृदय," तू म्हणालीस. "अजून चोच नाही, पंख नाहीत, आणि हे कामाला लागलं." मी सात पिढ्या कोंबड्यांच्या काढल्या, इंदू, पण ते उडणं त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. तू पुढे बोलतच होतीस. हे जाळं कवचाच्या आतून पसरतं आणि बाहेरची हवा ओढतं. अंडं दिवसातून चार-पाचदा फिरवलं नाही तर जाळं नीट पसरत नाही, जीव एका बाजूला चिकटून बसतो. हवा कोरडी असली तर आतलं पाणी उडून पिल्लू कवचाला डकतं, फार ओली असली तर त्याला श्वासापुरती पोकळी राहत नाही. "आत जे घडतं ना वहिनी, ते बाहेर काय मिळतं त्यावर घडतं. आतल्याला बिचाऱ्याला निवड नसते."

तेव्हापासून आपलं भांडण सुरू झालं. मी म्हणायची, कोंबडी दिवसातून एकदा तरी उठते, दाणे टिपते, धुळीत लोळते, तेवढा वेळ अंडी गार पडतात. ती गार पडायलाच हवीत, तुझ्या पेटीला तो विसावा नाही. तू म्हणायचीस, साडेसदतीसच्या खाली काटा जाऊ द्यायचा नाही. मी म्हणायची, "कोंबडीला थर्मामीटर कुणी दिला होता?" तू म्हणायचीस, "कोंबडी आई आहे. तिला कधी परतायचं ते कळतं. मी शाळेतली बाई आहे, मला नेम पाळावा लागतो." या भांडणात आपण वर्ष घालवलं. माझा नवरा, तुझा भाऊ, आज असता तर दोघींना पेटीत कोंडून वरून झाकण लावलं असतं त्याने.

आणि वैशाखातलं ते. त्याबद्दल आपण पुन्हा कधी बोललो नाही, म्हणून आज बोलते. तू डॉक्टरकडे नाशिकला गेली होतीस, छाती दाखवायला. इकडे लाईट गेली. मला वाटलं, अंडी गारठतील. मी पेटीवर गोधडी घातली, चांगली दुहेरी. वीस मिनिटांत लाईट आली, बल्ब लागला, पंखा लागला, आणि गोधडी तशीच राहिली. ऊब कुणाला नको असते, असं मला वाटलं. तू संध्याकाळी आलीस तेव्हा काटा चाळीसच्या वर होता. तू गोधडी काढलीस आणि घडी घालून माझ्या हातात दिलीस.

पिल्लं एक दिवस आधीच आली. मी आनंदाने शेजारी साखर वाटून आले. तू मात्र एकेक पिल्लू उलटं करून पोट बघत बसली होतीस. बेंब्या मिटल्या नव्हत्या. काळा ओला धागा लोंबत होता. आठवड्यात सहा गेली. न फुटलेलं एक अंडं तू ताटलीत उघडलंस, चिमट्याने बाजूला करून मला हृदय दाखवलंस. मटकीच्या दाण्याएवढं. "लहान राहिलंय," तू म्हणालीस. "उष्णता वाढली की अंग घाई करतं. हृदयाला तेवढी घाई जमत नाही." मग ताटलीतच बघत म्हणालीस, "घाईत वाढवलेल्याचं काय राहून गेलं, ते वरून दिसत नाही, वहिनी."

मी चहा टाकायला उठले. कळलं होतं मला. तू बारावीला होतीस, नाशिकला कॉलेजात जायचं म्हणत होतीस, आणि मी तुझ्या भावाच्या मागे लागून अठराव्या वर्षी तुझं लग्न उरकलं. आई नसलेली पोर, लोक काय म्हणतील, लवकर मार्गी लागू दे. गोधडीच ती. पुढे तू संसार करून, अमोलला कडेवर घेऊन शिकलीस, शाळेत बाई झालीस, ते तुझं कर्तृत्व. माझं त्यात काही नाही. हे मी त्या दिवशी चहा देताना म्हणायला हवं होतं. मी विचारलं, साखर पुरे का.

आता या पौषातलं. रानमांजर खुराड्यात शिरलं आणि सकाळी कोंबडा आणि पाचही कोंबड्या गेलेल्या. माझ्या माहेरचं शेवटचं काही उरलं असेल तर स्वयंपाकघरातल्या दुरडीतली एकवीस अंडी. तू ती तशीच उचललीस आणि पेटीत मांडलीस. दर अंड्यावर एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला गोल, फिरवलेलं ओळखू यावं म्हणून. "आता भांडायचं नाही वहिनी," तू म्हणालीस. "आता दुसरी खेप नाही." आठवड्याने दोन वांझ निघाली, ती काढली. एकोणीस उरली. निफाडची थंडी तुला माहीत, पहाटे द्राक्षबागेत शेकोट्या पेटलेल्या. तू पेटी पुढच्या खोलीत आणलीस, कारण इन्व्हर्टरचा मोठा प्लग तिथेच.

सतराव्या दिवशी सकाळी झाडताना मी झाकण काढलं. मुद्दाम काढलं, खोटं कशाला बोलू. पंधरा मिनिटं. म्हटलं, जरा विसावा मिळू दे बिचाऱ्यांना. तू आंघोळीहून आलीस, बघितलंस, आणि आजवर कधी बोलली नव्हतीस अशा आवाजात म्हणालीस, "हात लावायचा नाही पेटीला." मी केरसुणी टाकली आणि मागच्या दारी जाऊन बसले. तू फोनवर काहीतरी करत होतीस. मग माझ्या सूनबाईने, रूपालीने, चहा दिला. मग तिचीच हाक आली. आई, लवकर या.

तुझं माझ्याशी शेवटचं बोलणं ते.

अमोलला विमानाने यायला संध्याकाळ होणार. डॉक्टर येऊन गेले, मयत ठेवायचा फ्रीजर आला. तो माणूस विचारत होता, मोठा प्लग कुठाय. सगळे रडत होते, रूपाली फोनवर होती. मी उठले. भिंतीशी गेले, प्लगमध्ये जे होतं ते ओढलं आणि म्हटलं, इथे लावा. इंदू, मी बघितलंच नाही ते काय आहे. तुला गार ठेवायला मी त्यांची ऊब काढली, आणि मला कळलंही नाही. कुणीतरी हारांची टोपली पेटीवर ठेवली, झाकण तिरकं झालं. दिवसभर पेटी तिथे कोपऱ्यात, आणि मी तुझ्या उशाशी बसलेली, हातभर अंतरावर.

अमोल पोचला आणि दिवस मावळायच्या आत तुला नेलं. माणसं परत आली, फ्रीजर गेला, तू होतीस तिथे पीठ पसरून दिवा लावला, त्यावर दुरडी पालथी घातली. रूपाली टोपली उचलायला गेली आणि थांबली. "आई, आत्यांच्या पेटीचा बल्ब बंद आहे."

काटा सव्वीसवर होता. मी अंडं हातात घेतलं. उन्हात पडलेला गोटा संध्याकाळी लागतो, तसं लागलं. ना गरम ना गार.

रूपालीने प्लग लावला आणि म्हणाली, "गरम पाण्याच्या पिशव्या ठेवू का बाजूने? गोधडी घालू?" भामाबाई दारातून म्हणाली, "सुतकात काय पिल्लं काढत्या का? मेली असतील ती. लय वेळ झाला. उद्या उकिरड्यावर टाका." माझा हात गोधडीकडे गेला होता, इंदू. घडी मी छातीशी धरली होती. पण मला ती ताटली आठवली. म्हटलं, नको. बल्बाला त्याच्या चालीने चढू दे. पाण्याची वाटी भरली, झाकण नीट बसवलं आणि समोर बसून राहिले. काटा एकेक रेघ चढत होता आणि मी गोधडी मांडीवर घेऊन तिच्यावर दोन्ही हात दाबून बसले होते. एवढं अवघड काम मी आयुष्यात केलेलं नाही. पोराला ताप चढलाय आणि हात लावायचा नाही, तसं.

सकाळी बायकांनी दुरडी उचलली, पिठात ठसे बघायला, तू कुठल्या जन्माला गेलीस ते. भामाबाई वाकून म्हणाली, "पाखराचा पाय दिसतोय गं." सगळ्यांनी मान डोलावली. मला तुझा आवाज आला: भामाबाई, झुरळ चालून गेलंय. मला हसू फुटलं आणि ते लपवता येईना. बायकांना वाटलं, हुंदका आला. पाठीवर हात फिरवला त्यांनी.

मग मी अमोलला सांगितलं. कोठीत नेलं, दार लावलं आणि म्हटलं, "तुझ्या आईची पेटी मी बंद केली. प्लग माझ्या हाताने काढला." त्याने माझ्याकडे बघितलं. तुझेच डोळे आहेत मेल्याचे. म्हणाला, "मामी, आई रोज सकाळी मला अंड्यांचा फोटो पाठवायची. कालचाही आलाय. मी मीटिंगमध्ये होतो, उघडला नव्हता." आणि फोन माझ्यापुढे धरला. फोटोखाली तू लिहिलं होतंस: "सतरावा. आज वहिनींवर ओरडले. पुढच्या खेपेला दोन पेट्या करायच्या. एक माझ्या नेमाची, एक त्यांच्या विसाव्याची. मग बघू कोण बरोबर."

एवढंच. माफी नाही, काही नाही. तुझी समजूत घालायची रीत अशीच, दोन पेट्या करायच्या आणि बघायचं. मी ते तीन वेळा वाचलं. मग अमोलला म्हटलं, "बॅटरी धर."

पहिलं अंडं काळं, हललं नाही. दुसरं हललं नाही. अमोलने बॅटरी तिरकी धरली होती, मी म्हटलं, नीट धर, आई रागवेल. तिसऱ्यात पोकळीच्या कडेला सावली सरकली, जशी पडद्यामागे कुणी कूस बदलावी. अमोल म्हणाला, "मामी, हे काय?" मी म्हटलं, "हेच ते." एकोणिसांपैकी तेरांत असं काहीतरी दिसलं. सहांत दिसलं नाही, पण मी तीही ठेवली. मला काय कळतंय, मी चौथी पास.

अठराव्यापासून फिरवणं बंद, पाणी जास्त, सगळं तू वहीत लिहिलेलं तसं केलं. एकविसावा दिवस आला. मी सकाळपासून कान लावून. काही नाही. दुपारी काही नाही. भामाबाई येऊन गेली, वास येतोय का विचारून गेली. अमोल दर तासाला येऊन उभा राहायचा. म्हणाला, "मामी, उघडून बघू का एखादं? मदत करू?" मी म्हटलं, "नाही. ज्याला यायचंय तो त्याच्या वेळेने येईल." बोलले आणि माझं मलाच ऐकू आलं. हे मी अठ्ठेचाळीस वर्षं उशिरा बोलले, इंदू, आणि बोलले ते तुझ्या पोराला.

बाविसाव्याला सकाळी आतून आवाज आला. बारीक, भांड्याच्या तळाशी चमचा लागावा तसा. मग एका कवचाला ताऱ्यासारखा तडा पडला. दुपारपर्यंत चार, संध्याकाळपर्यंत नऊ, दुसऱ्या दिवशी आणखी दोन. अकरा. पोटं जरा फुगलेली, अंग मऊ, जशी उशिरा येणारी असतात म्हणून तू लिहिलं होतंस. पण मी एकेक उलटं करून बघितलं, बेंब्या मिटलेल्या आहेत. सगळ्यांच्या. एकाची बोटं वाकडी आहेत, त्याला रूपालीने पुठ्ठ्याचा जोडा बांधलाय.

आठ आली नाहीत. त्यांतलं एक मी तुझ्या ताटलीत उघडलं. तुझाच चिमटा घेतला. हृदय सापडलं मला, कुठलं ते ओळखलं. ते लहान आहे की बेताचं, ते मात्र कळेना. मी ताटली उजेडात धरली, चष्मा पुसला, अमोलला दाखवली. त्यालाही सांगता येईना. तिथे मला तुझी आठवण आली, म्हणजे खरी आली. आधीचे दिवस मी नुसती रडत होते.

आता सांग. अकरा आली, म्हणजे गार पडूनही जगतात, हे माझं. आठ मेली, म्हणजे काटा खाली जाऊ द्यायचा नाही, हे तुझं. याचा निकाल कोण लावणार? आणि वैशाखातल्या त्या वाक्याला मी द्यायचं उत्तर राहिलंय, ते वेगळंच. इथे लिहिते. चूक माझी होती. तू नाशिकला जायला हवं होतंस, मी तुला जाऊ द्यायला हवं होतं. साखरेचं काय ते नंतर बघू.

अकरांत माद्या किती ते अजून कळत नाही. श्रावणापर्यंत अंडी सुरू होतील. अमोल परत जायच्या आधी दुसरा थर्माकोलचा खोका आणतोय, बल्ब, पंखा, सगळं. तुझ्या पेटीत मी झाकण काढणार नाही, शब्द देते. माझीत रोज पंधरा मिनिटं काढणार. आणि शेवटी दोन्हींतली अंडी उघडायला, हृदय बघायला माणूस लागेल, ज्याला बघता येतं असं.

उद्या घाटावर पिंड मांडून सगळे कावळ्यासाठी वर बघत उभे राहतील. तिकडे तुला उशीर झाला तर होऊ दे, थांबतील ते. पण तिथून निघालीस की सरळ घरी ये. श्रावणाची वाट बघू नकोस. पिल्लं रोज वाढतायत आणि मला एकटीला त्यांच्याकडे बघवत नाही. लवकर ये.